अंदाजे खर्च

लिफ्टवर चढवली तेव्हा पिकअपच्या पोटातून
आधी वाळू गळाली, मग बर्फाचं पाणी,
मग एक बोल्ट.
त्याची जागा मला अजून सापडलेली नाही.

लेम्पी सारेला कोपऱ्यातल्या खुर्चीत, कोट न काढता.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
"सगळं एकदम सांग," म्हणाली,
"दातांच्या डॉक्टरासारखं थोडं थोडं नको."

बरं. पुढचे बॉल जॉइंट, दोन्हीकडचे: सहाशे चाळीस.
दातांचा विषय तूच काढलास,
चाक धरून हलवलं की तसंच हलतं.
ब्रेकच्या नळ्यांना पापुद्रे सुटलेत,
पुढपासून मागपर्यंत नव्या घालायच्या, साडेचारशे.
स्पार्क प्लग आठ. या इंजिनात ते निघताना मोडतात,
अर्धा हातात येतो, अर्धा आत बसून राहतो
हट्टी भाडेकरूसारखा.
नशीब चांगलं असेल तर तीनशे.
नसेल तर त्या रात्री मी जेवायला घरी जात नाही,
आणि पैशाचं आपण मग बोलू.

"आणि ती टिकटिक," मी म्हणालो.
"कुठली टिकटिक?"
इंजिनातली. थंड असताना नाही, तापल्यावर,
सिग्नलला थांबलीस की.
"हां, ती. रेडिओ लावला की जाते."

आमच्या गावात सिग्नल एकच आहे.
रेडिओ न लावता घालवायची तर एकवीसशे.
गाडी घेतली बेचाळीसशेला, ऑगस्टात, वाइनोकडून.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं,
मग बोटं मिटली.

आता चासी.
मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. ढोसला नाही, टेकवला.
मुठीपर्यंत आत गेला.
इथं सुपीरियर सरोवराच्या काठाला
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ पसरतात,
माणसं घसरून मरू नयेत म्हणून.
एकोणीस हिवाळे ही ते मीठ खात आली
आणि खाल्ल्या मिठाला इतकी जागली
की लोखंड म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही.

"पण खालून तर काळीभोर होती," लेम्पी म्हणाली.
"मी वाकून बघितलं होतं. या गुडघ्यांनी."

होती काळीभोर.
तो रंग जुलैत मारलेला.
डबा माझ्या फडताळातला, फवारा माझा,
वाइनो नुसता दारात उभा राहून बिअर पीत होता,
आणि साठ डॉलर मला मिळाले होते.
हे मी कागदावर लिहिलं नाही.
कागदावर लिहिलं: चासी.
पुढचा आकडा लिहायचा राहिला.

ती कागदाकडे बघत बसली, मग माझ्या बुटांकडे.
सव्वीस वर्षं शाळेत रांधलेली बाई.
कुठल्या पोराने पुडिंग दुसऱ्यांदा घेतलं
ते त्याच्या मानेवरून ओळखते.
बुटांवर काळे ठिपके होते.
अजून आहेत.

"ब्रेक कर," म्हणाली. "पोरं शाळेत येतात
तेव्हा मी त्याच रस्त्यावर असते.
बाकीचं राहू दे.
आणि ते भोक बुजव.
ज्याने झाकलं त्याने."

रविवारी पत्रा कापला,
पाठीवर झोपून जोडला,
ठिणग्या कॉलरमधून आत पडत राहिल्या.
पत्र्याचे पैसे घेतले, अठ्ठावीस डॉलर.
वर रंग मारला नाही.
वेल्ड दिसू दे.

सोमवारी ती गाडी घेऊन गेली,
आणि सिग्नल नेमका लाल.
मी गॅरेजच्या दारात उभा राहून ऐकत होतो:
टिक, टिक, टिक,
रेडिओ बंद.